अलॉटमेंटवर छोटा पॉलिटनल : आधी जमीन, मग हूप, कव्हर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीवर, अर्धा प्लॉट मिळालाय, जमीन चिकणमातीची, साइट उघड्यावर. पॉलिटनलचं, म्हणजे पाइपांच्या कमानींवर (हूपवर) प्लास्टिकचं कव्हर ताणून केलेल्या बोगद्याचं, ८ फूट बाय १५ फुटांचं गॅल्व्हनाइज्ड सेकंडहँड किट मिळतंय, कव्हर नाही. तुम्ही विचारताय की कव्हर चरात पुरायचं का बेस रेलला, म्हणजे हूपना जमिनीलगत बांधलेल्या आडव्या लाकडाला, ठोकायचं, दोघांत एका वीकेंडला होईल का, आणि आता सप्टेंबरात उभारू का मार्चपर्यंत थांबू. घरच्यांना त्यात कारली, दुधी आणि मिरच्या हव्यात. आणि तळेगावला मामांचं गुलाबांचं पॉलीहाऊस बघितलंय म्हणून तुम्हाला वाटतंय की हे त्याचंच छोटं रूप असेल.

शेवटच्यापासून सुरू करते कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. तळेगावच्या पॉलीहाऊसचं काम म्हणजे मुसळधार पाऊस अडवायचा, ऊन थोडं कमी करायचं आणि आतली गरम हवा वरून बाहेर काढायची. इथे उलटं आहे, आपल्याला दिवसा मिळेल ती ऊब धरून ठेवायचीय, पान कोरडं ठेवायचंय, आणि या सगळ्याच्या आधी ते वाऱ्यात जागेवर राहायला हवं. लोक हूप कसे जोडायचे ते विचारतात पण हूप जोडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरा प्रश्न आहे की फेब्रुवारीतल्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही प्लॉटवर जाल तेव्हा टनल तिथेच असेल का. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळात आयल ऑफ वाइटच्या नीडल्सला ताशी १२२ मैलांचा झोत मोजला होता, इंग्लंडमधला तो विक्रम. कॉव्हेंट्रीला तेवढा वारा येणार नाही हे खरं, पण उघड्या साइटवर त्याच्या निम्म्या वाऱ्यातसुद्धा सैल कव्हरचा टनल मुंबईच्या पावसात छत्री उलटते तसा उलटतो, आणि तो शेजाऱ्याच्या शेडवर जाऊन पडला तर तुमच्याबरोबर त्याचंही नुकसान.

म्हणून किटचे पैसे द्यायच्या आधी टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट काढून वाचा. प्रत्येक कौन्सिलचे आणि प्रत्येक असोसिएशनचे नियम वेगळे असतात, कुठे उंचीची मर्यादा, कुठे प्लॉटच्या किती भागावर स्ट्रक्चर चालेल त्याची, कुठे हद्दीपासून अंतर, आणि बऱ्याच ठिकाणी काँक्रीट अजिबात नाही कारण प्लॉट सोडताना जमीन होती तशी परत द्यायची असते. परवानगी लेखी घ्या, ईमेल चालेल. पूर्ण प्लॉट १० रॉडचा (रॉड हे इथलं जुनं माप) म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, तुमचा अर्धा धरला तर १२५, आणि ८ बाय १५ चा टनल ११ चौरस मीटरचा, म्हणजे प्लॉटच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमीच. एवढ्याला सहसा अडचण येऊ नये, पण गृहीत धरू नका. आणि सेक्रेटरीला न विसरता विचारा की पाण्याच्या टाकीकडे जाणारा पाइप कुठून गेलाय, कारण पुढे तुम्ही जमिनीत लोखंडी नळ्या ठोकणार आहात.

सेकंडहँड घ्यायला माझी ना नाही, उलट मी तेच सुचवते. पातळ नळ्या, हिरवी जाळीदार शीट आणि झिपचा दरवाजा असं जे स्वस्त किट ऑनलाइन मिळतं ते एका उन्हाळ्यापुरतं ठीक, थंडीत उघड्या साइटवर ते टिकेल असं मी कुणाला सांगणार नाही. जुना पण जाड पाइपचा सांगाडा आणि त्यावर नवं कव्हर, हा सौदा चांगला. फक्त घेताना तीन गोष्टी बघा. जमिनीच्या पातळीला जिथे नळी माती आणि हवा दोन्हीत असते तिथे गंज किती आहे, ठोकून ठोकून नळ्यांची तोंडं चेपलीत का, आणि दोन हूप जमिनीवर एकमेकांवर ठेवून बघा, बाक जुळला पाहिजे. वाकलेला हूप कव्हर ताणताना हमखास त्रास देतो. क्लॅम्प आणि बोल्ट कमी असले तर नवे मिळतात, त्याची काळजी नको.

जागा आणि दिशा. पुस्तकात पूर्व-पश्चिम लिहिलेलं असतं कारण थंडीत सूर्य खाली असतो आणि लांब बाजू दक्षिणेकडे असली की उजेड जास्त मिळतो. ते बरोबर आहे, पण १५ फुटांच्या टनलला त्याने फार मोठा फरक पडत नाही. इथला वारा बहुतेक नैऋत्येकडून येतो, म्हणून शक्य असेल तर टनलचं टोक वाऱ्याकडे करा, लांब कूस नको. नैऋत्येला हेज असेल तर फारच छान, फक्त झाडाच्या अगदी खाली नको, फांद्या पडतात आणि कव्हरवर हिरवा थर चढतो. आणि चारही बाजूंनी कमीत कमी दोन-अडीच फूट मोकळे सोडा, चर खणायला, कव्हर ओढायला आणि पुढे धुवायला तेवढी जागा लागतेच.

आता आखणी, इथे घाई करू नका. तुमच्या मापाचं एक भाग्य आहे, ८ आणि १५ च्या काटकोनाचा कर्ण बरोबर १७ फूट येतो. चार कोपऱ्यांना खुंट्या मारा, दोरी बांधा आणि दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही १७ आले की आखणी गुण्यात आहे. इंच-दोन इंचांचा फरक असेल तर खुंटी हलवा, नंतर नीट होईल म्हणून सोडू नका, कारण तिरक्या पायावर कव्हर एका कोपऱ्यात घट्ट आणि दुसऱ्यात ढिलं बसतं आणि मग कितीही ओढलं तरी ते ढिलं ते ढिलंच. १५ फुटांत दर ५ फुटांवर हूप म्हणजे ४ हूप, ८ फाउंडेशन नळ्या, म्हणजे जमिनीत ठोकायच्या नळ्या ज्यांत हूपचे पाय बसतात. किट ३ हूपचं असेल, म्हणजे साडेसात फुटांवर एक, तर उघड्या साइटसाठी एक जादा हूप शोधा, त्याचे पैसे वाया जाणार नाहीत.

नळ्या ठोकताना वरच्या तोंडात जाड बोल्ट किंवा किटबरोबर येणारा ठोकायचा तुकडा घाला आणि त्यावर घण मारा, थेट नळीवर मारलं की तोंड पसरतं आणि मग हूप आत जात नाही. आधी पहारीने थोडं भोक पाडून घेतलं तर नळी सरळ जाते. चार-पाच घाव घातले की ओळंब्यात आहे का बघायचं, परत मारायचं. दगड लागला तर जोर लावू नका, नळी काढा, दगड खणून काढा, माती परत भरून पायाने दाबा आणि पुन्हा ठोका. सगळ्या नळ्यांची डोकी दोरी आणि पाणसळ लावून एका पातळीत आणा. जमिनीला उतार असेल तर लांबीच्या दिशेने टनल उतारावर चालतो, सगळ्या नळ्या जमिनीच्या वर सारख्या ठेवायच्या एवढंच, पण रुंदीच्या दिशेने समोरासमोरच्या दोन नळ्या एका पातळीत असायलाच हव्यात.

तुमची चिकणमाती या कामाला वैरी आहे आणि मित्रही. ऑगस्टमध्ये ती विटेसारखी कडक होते, जानेवारीत पायाला चिकटते, पण मधल्या दिवसांत ओलसर असताना ठोकलेली नळी ती जी धरते ती सोडत नाही. म्हणून साधी ठोकलेली नळी तुम्हाला बहुतेक पुरेल. कोपऱ्यातली नळी हाताने गोल फिरत असेल किंवा वर ओढता येत असेल तर मात्र तिला खाली अँकर प्लेट, म्हणजे तळाशी बसवायची सपाट पट्टी, लावा. खड्डा करायचा, प्लेट तळाशी, वर माती भरून थराथराने दाबायची, त्या मातीचं वजनच नळीला खाली धरतं आणि काँक्रीट लागत नाही. रेताड जमीन असती तर मी आठही नळ्यांना प्लेट लावायला सांगितलं असतं.

हूप उभे करताना सगळे बोल्ट आधी हाताने लावा, घट्ट करू नका. चारही हूप उभे, रिज बार, म्हणजे माथ्यावरचा आडवा पाइप, मधून, मग टोकाला उभं राहून एका डोळ्याने बघा सगळे एका रेषेत दिसतायत का, आणि मगच पाना. कोपऱ्यांचे तिरके आधार लावायचा कंटाळा करू नका, वाऱ्याने सांगाडा लांबीच्या दिशेने लवंडू नये म्हणून तेच काम करतात. आणि तुमच्याकडे कारली-दुधी होणार म्हणून क्रॉप बार घ्याच, म्हणजे हूपच्या दोन बाजूंना जोडणारा आडवा पाइप. मांडवाचं वजन त्यावर येतं आणि सांगाडाही भक्कम होतो. दोन्ही टोकांना दरवाजाच्या चौकटीचे खांब दीड-दोन फूट जमिनीत घ्या आणि वर हूपला बांधा, कारण कव्हरचा लांबीकडचा सगळा ताण या चौकटीवर येतो.

दरवाजे दोन्ही टोकांना करा. एका बाजूला दरवाजा आणि मागची बाजू बंद असं बरेच जण करतात, काम वाचतं, पण मग हवा खेळत नाही. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये कॉनिंग्सबीला ४०.३ डिग्री नोंदलं गेलं, आणि बंद टनलच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. साध्या २५ डिग्रीच्या दिवशीसुद्धा आत ३५ च्या वर जातं आणि मग टोमॅटोची फुलं धरत नाहीत, गळतात. दोन दरवाजे समोरासमोर उघडले की पुष्कळ फरक पडतो. दरवाजाच्या वरच्या अर्ध्यात प्लास्टिकऐवजी जाळी लावलीत तर आणखी बरं.

आता चर का बेस रेल. तुमच्या जागेला मी चर सांगेन. साधारण फूटभर खोल, फूटभर रुंद, दोन्ही लांब बाजूंना हूपच्या जरा बाहेर, कव्हरची कड त्यात सोडायची आणि माती भरून तुडवायची. लाकडाचा खर्च नाही, खालून वारा शिरत नाही, आणि चिकणमातीचं वजन कव्हरला घट्ट धरतं. बेस रेलची बाजूही खरी आहे, दगडाळ जमिनीत किंवा फरशीवर चर होतच नाही, आणि पुढे कव्हर बदलताना रेलचं काम अर्ध्या वेळात होतं, शिवाय कव्हर सैल झालं तर रेल खाली दाबून परत ताणता येतं. पण रेलला धरायला नळ्या मुळात पक्क्या हव्यात कारण पुरलेल्या मातीचं वजन तिथे मदतीला नाही. पाठीची तक्रार असेल आणि तीस फूट चर खणणं जमणार नसेल तर रेल करा आणि आठही नळ्यांना प्लेट लावा, त्यात काही कमीपणा नाही.

हे कव्हर मागवायच्या आधी ठरवा, कारण चरासाठी शीट जास्त रुंद लागते. दोरी घेऊन हूपवरून जमिनीपासून जमिनीपर्यंत मोजा आणि चरासाठी दोन्हीकडे दोन-दोन फूट वाढवा. लांबीला १५ फूट, अधिक दोन्ही टोकांची उंची, अधिक ओढायला नि दुमडायला दीड-दोन फूट, म्हणजे ३० फुटांच्या वरच जाईल. शीट यूव्ही स्टॅबिलाइज्डच, म्हणजे उन्हात टिकणारी, हवी, ७२० गेज म्हणजे १८० मायक्रॉन किंवा ८०० गेज म्हणजे २०० मायक्रॉन. बिल्डरच्या दुकानातलं साधं पॉलिथिन स्वस्त पडतं पण उन्हाने वर्षभरात तडकायला लागतं. थोडे जास्त पैसे देऊन थेंब न टपकणारी शीट घेतलीत तर पानांवर पाणी पडत नाही, फक्त तिची कुठली बाजू आत ते छापलेलं असतं, चढवायच्या आधी वाचा.

कव्हर चढवण्याआधी प्रत्येक हूपच्या बाहेरच्या अंगाला फोमची हॉट स्पॉट टेप लावा. उन्हात पाइप तापतो आणि नेमकं तिथेच प्लास्टिक लवकर जळतं, शिवाय वाऱ्यात घासतं. बोल्टची टोकं, पाइपच्या कडा, लाकडाचे कोपरे यावरून हात फिरवा, हाताला जे टोचतं ते कव्हरला फाडतं. दरवाजाच्या लाकडाला प्रिझर्व्हेटिव्ह लावलं असेल तर ते पूर्ण वाळू द्या.

दिवस निवडा उबदार आणि बिनवाऱ्याचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. गरम प्लास्टिक सैलावतं, ते त्या वेळी ओढून बांधलं की गार झाल्यावर आपोआप ताणून बसतं. थंड दिवशी घट्ट वाटलेलं कव्हर मे महिन्यात लोंबतं आणि मग फडफडून फाटतं. कव्हर उन्हात तासभर पसरून ठेवा आणि मग चढवा. आधी एका टोकाला दरवाजाच्या वरच्या आडव्या लाकडाला पट्टी ठोकून पक्कं करा, मग दुसऱ्या टोकाला जाऊन लांबीत ओढा आणि तिथे पक्कं करा. त्यानंतर लांब बाजू, मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे, थोडं इकडे थोडं समोर, म्हणजे ताण दोन्हीकडे सारखा राहतो. एकजण कड खाली ओढून धरतो, दुसरा माती भरून तुडवतो. कोपऱ्यांवर जास्तीचं प्लास्टिक साडीच्या निऱ्यांइतकं सुबक नाही पडलं तरी चालेल, दरवाजाच्या खांबाशी दुमडून पट्टीखाली दाबून टाका. दरवाजाचं भोक सगळ्यात शेवटी कापा, आणि कापताना चौकटीच्या आत पाच-सहा इंच राखून, ते लाकडावर गुंडाळून ठोकायचंय.

दोघांत होईल का, सांगाडा होईल, निवांत एका वीकेंडला. चर खणणं वेगळं धरा. कव्हरला मात्र चारजण बोलवा. साइटवरच्या जुन्या मंडळींना विचारायला लाजू नका, ज्यांनी स्वतःचे टनल चढवलेत ते आनंदाने येतात आणि त्या जागेचा वारा त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतो. वादळाचा इशारा आला की दोन्ही दरवाजे बंद करून कडी लावा, एक उघडा राहिला तर वारा आत शिरून कव्हर वर उचलतो. रिपेअर टेपचा एक रोल शेडमध्ये कायम असू द्या, छोटं भोक त्याच दिवशी बुजवलं की वाढत नाही.

आतलं नियोजन. ८ फुटांत मधे दोन फुटांची वाट आणि दोन्हीकडे तीन-तीन फुटांचे वाफे. म्हणजे वाफ्यांचं क्षेत्र साधारण साडेआठ चौरस मीटर, आणि आत पाऊस पडत नाही हे लोक विसरतात. जुलैत दिवसाला ४ मिलिमीटर धरलं तरी ३० ते ३५ लिटर पाणी रोज, म्हणजे १० लिटरच्या तीन-चार झाऱ्या. तुमच्या साइटवर होज चालत नसेल आणि टाकी लांब असेल तर टनल टाकीच्या जवळ घ्या, उजेडात थोडी तडजोड झाली तरी. खाली गवताचा किंवा पुठ्ठ्याचा थर टाकला की पाणी जास्त टिकतं.

कारली आणि दुधी होतात, पण अपेक्षा बेताची ठेवा. तापवलेला नसलेला टनल रात्री फार ऊब धरत नाही, निरभ्र रात्री आतलं तापमान बाहेरच्याच जवळ येतं. म्हणून मिरचीची रोपं जानेवारी-फेब्रुवारीत घरात उबेला करा, कारली-दुधी एप्रिलमध्ये, आणि टनलमध्ये मेच्या उत्तरार्धातच लावा, रात्र गार वाटली तर वर फ्लीस, म्हणजे रोपांवर पांघरायचं हलकं कापड. दुधीचा एकच वेल ठेवा, दोन ठेवलेत तर ऑगस्टपर्यंत तुम्हाला आत शिरता येणार नाही. वेल उत्तरेकडच्या टोकाला, मिरच्या दक्षिणेला. आणि फळं धरत नाहीत अशी तक्रार दरवर्षी येते त्याचं कारण बहुतेक वेळा परागण असतं. दोघांची नर आणि मादी फुलं वेगळी, आत मधमाश्या कमी. कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दुधीची संध्याकाळी, तेव्हा दुधीसाठी संध्याकाळीच जावं लागतं, नर फूल तोडून मादी फुलाला लावायचं. मेथी, पालक आणि कोथिंबीर मात्र मार्च-एप्रिलमध्ये आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आत छान येते, माझ्या मते या देशात टनलचा खरा फायदा तिथेच आहे. आणि टोमॅटो, कारण पान कोरडं राहिल्याने करपा उशिरा येतो.

आता लावू का थांबू. सांगाडा आत्ताच उभा करा. चिकणमाती सध्या ओलसर असेल तर नळ्या ठोकायला यापेक्षा चांगला काळ नाही, आणि बिनकव्हरचा सांगाडा थंडीभर उभा राहिला तरी वारा त्यातून निघून जातो, काही होत नाही. सप्टेंबर संपायच्या आत एखादा उबदार, शांत दिवस मिळाला आणि चार माणसं जमली तर कव्हर चढवा आणि लगेच मेथी पेरा. नाही मिळाला तर ओढाताण करून ऑक्टोबरच्या गार वाऱ्यात चढवू नका, शीट घरी आणून ठेवा, शेडमध्ये उंदीर कुरतडतात. त्या वेळी वाफ्यांवर कुजलेलं शेणखत चार बोटं पसरून ठेवा, थंडीचा पाऊस ते मुरवेल आणि माती खोलवर भिजेल, कारण एकदा कव्हर चढलं की एवढं पाणी झारीने घालणं कुणाला जमत नाही. मग एप्रिलमधला पहिला उबदार, बिनवाऱ्याचा दिवस बघून चढवा. तोपर्यंत चर खणून तयार ठेवा, फक्त त्यावर फळ्या टाका म्हणजे येताजाता कुणाचा पाय जाणार नाही.